हवा येते

३१ मे. रुपये एक हजार सातशे चाळीस फक्त. केक, फुगे, कागदी ताटल्या आणि 'या महिन्यातला माझा ठळक क्षण' अशी सोनेरी अक्षरे छापलेला फलक. खाते: कर्मचारी कल्याण. हे व्हाउचर त्या सकाळी मी पास केले. फुग्यांनी कर्मचाऱ्यांचे कल्याण कसे होते, हे मला वाणिज्य शाखेच्या कोणत्याही पुस्तकात वाचल्याचे आठवत नाही. पण बिल जोडलेले होते आणि सही ठळक साहेबांची होती, तेव्हा माझे काम तिथे संपले.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. लिफ्ट बनवते दुसरी कंपनी, बसवते तिसरी, आणि बंद पडली की शिव्या आम्हाला. ठळक साहेब इथे शाखाप्रमुख म्हणून आले त्याला दीड वर्ष झाले. त्याआधी ते कुठल्याशा प्रशिक्षण संस्थेत होते. तिथे लोकांना एकमेकांशी मोकळेपणाने बोलायला शिकवत. लिफ्टबद्दल त्यांना एवढेच माहीत होते की ती वर जाते आणि खाली येते. पण माणसांबद्दल त्यांना सगळे माहीत होते, निदान त्यांचा तसा समज होता. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढले: महिन्याच्या शेवटच्या दिवशी सर्वांनी मीटिंग रूममध्ये जमायचे आणि त्या महिन्यातला आपला एक 'ठळक क्षण' सांगायचा. नोकरीतला नाही, स्वतःच्या आयुष्यातला. टाळ्या पडतील तो सर्वोत्तम क्षण आणि त्या माणसाचा फोटो भिंतीवर. साहेबांचे नाव तेव्हापासून ठळक साहेब पडले.

यात एकच व्यक्ती बसत नव्हती. तिच्याबद्दलच मला सांगायचे आहे.

तिला सगळे कंट्रोलबाई म्हणत. लिफ्टमध्ये कोणी अडकले आणि त्याने घंटीचे बटण दाबले की फोन वाजतो तो बाईंच्या टेबलावर. बाईंची आणि माझी टेबले एका काचेच्या अल्याड-पल्याड. काचेला खाली फुलपात्र सरकेल एवढी फट आहे, त्यामुळे बाईंच्या बोलण्यातला शब्दन् शब्द मी बावीस वर्षे ऐकत आलो. कंपनी एकदा विकली गेली तेव्हा बाईंना कायम नोकरीतून काढून अकरा महिन्यांच्या कराराने पुन्हा घेतले. खुर्ची तीच, फोन तोच, पगार कमी. बाईंनी त्यावर फक्त घरून एक उशी आणून खुर्चीत ठेवली.

बाईंचे बोलणे गोड नव्हते. 'हवा येते. घाबरू नका. दार ओढू नका. नंबर वाचा,' ही चार वाक्ये त्या सर्वांना म्हणत. बँकेच्या अध्यक्षालाही आणि पेपरवाल्यालाही. प्रत्येक लिफ्टमध्ये बटणांच्या वर एक बारीक पट्टी असते आणि तिच्यावर त्या लिफ्टचा नंबर असतो. वर्षानुवर्षे त्याच लिफ्टने जाणाऱ्या माणसालाही ती पट्टी कधी दिसलेली नसते.

"अहो, माझा जीव जातोय!" एक बाई एकदा किंचाळत होत्या.

"जीव जाणारं माणूस एवढ्या मोठ्यानं ओरडत नाही. नंबर वाचा."

"कसला नंबर? इथे कुठे नंबर नाही!"

"बटणांच्या वर बघा. त्याच्या वर. तो पंखा झाला. खाली या. हां, हवा येते, ती त्या पंख्यातूनच येते."

मात्र सुटका होईपर्यंत बाई फोन ठेवत नसत. मेकॅनिक पोचायला अर्धा तास लागो, तास लागो. पलीकडचा माणूस गप्प बसला तर याही गप्प बसत, पण फोन चालू. कोणी फारच गळाठला की त्याला पाढे म्हणायला लावत. मुलांना पाचाचा, मोठ्यांना तेराचा. एका निवृत्त न्यायाधीशांना तेराचा पाढा तीनदा म्हणायला लावला होता. त्यांनी नंतर लेखी तक्रार केली, बाई उद्धट आहेत आणि शिवाय चुका काढतात.

ठळक क्षणांच्या वर्तुळात बाईंची पाळी आली की त्या म्हणत, "काही नाही." फेब्रुवारीत म्हणाल्या, मार्चमध्ये म्हणाल्या, एप्रिलमध्येही म्हणाल्या. एप्रिलच्या सभेनंतर साहेब त्यांच्या टेबलाशी आले. काचेच्या फटीतून मला सगळे ऐकू येत होते, आणि मी कान बंद केले नाहीत.

"बाई, असं कसं काही नाही? प्रत्येकाच्या आयुष्यात काहीतरी सुंदर घडत असतं."

"घडत असेल साहेब. माझ्या ड्युटीच्या वेळेत घडत नाही."

"हे बघा, बेसिकली मूल्यमापनात सहभागाला वीस गुण आहेत. तुमचा शून्य. जूनमध्ये तुमचा करार संपतोय. मी सही कशाच्या आधारावर करू?"

"बावीस वर्षं फोन उचलतेय, त्याच्या आधारावर करा."

"फोन काय, आता मशीनसुद्धा उचलतं," साहेब हसून म्हणाले. "मे महिन्यात एक तरी क्षण. मी वाट बघतोय."

ते गेल्यावर मी फटीतून म्हटले, "बाई, सांगून टाका ना काहीतरी. सूर्योदय पाहिला म्हणा."

"कुठून पाहू हो अकाउंट्स? माझ्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची टाकी आहे. टाकीच्या मागनं उगवतो म्हणे." बाई मला खात्याच्या नावानेच हाक मारत. मग म्हणाल्या, "परवा वहिनीनं मापं घेतली."

"कसली?"

"माझ्या खोलीची. म्हणाली, सहज. पोरांच्या अभ्यासाचं टेबल तिथे बसेल का बघत होते. मी म्हटलं, आणि मी कुठे बसू? तर म्हणाली, अहो वन्सं, तुम्ही काय, दिवसभर ऑफिसातच असता."

बाई भावाकडे राहत. लग्न झालेले नव्हते. पगारातला निम्मा भाग भावाच्या हातात जाई आणि त्या जोरावर ती खोली त्यांची होती. पगार थांबला की टेबल आत येणार आणि बाईंची कॉट स्वयंपाकघराच्या दाराशी जाणार, हे त्यांना ठाऊक होते आणि वहिनीलाही. ठळक साहेबांच्या एका सहीवर हे सगळे टांगले होते, आणि साहेब फुग्यांच्या रंगांचा विचार करत होते.

मे लागला. शाळांना सुट्ट्या, त्यामुळे जो तो रजेवर. ठळक साहेब अकरा तारखेपासून आठवडाभर बायकामुलांना घेऊन डोंगरात जाणार होते. निघण्याआधी त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला, विक्रीतल्या 'टारगेट'ला, स्टोअरमधल्या 'नटबोल्ट'ना (ही नावेही ऑफिसनेच ठेवलेली) आणि पाणी भरायला आलेल्या माणसालाही ते सांगितले. उरलो मी आणि बाई. माझा वार्षिक ताळेबंद व्हायचा होता. बाईंनी रजा मागितली असती तर कोणी दिली नसती.

चौदा तारखेला दुपारी शहराच्या अर्ध्या भागातली वीज गेली. बाई डबा खात होत्या. हात खरकटा म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर घेतला.

"हवा येते. घाबरू नका. दार ओढू नका. नंबर..."

"सात चार एक नऊ," पलीकडून आवाज आला. "पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये. बेसिकली लवकर पाठवा कोणालातरी."

बाईंचा घास हातातच राहिला. बावीस वर्षांत कोणी न विचारता नंबर सांगितला नव्हता. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिले. आवाज मुद्दाम जाड केलेला होता, घशात काहीतरी अडकल्यासारखा. पण त्या 'बेसिकली'ला कितीही जाड केले तरी ते कोणाचे आहे हे आम्हा दोघांना सांगावे लागणार नव्हते. साहेब डोंगरात नव्हते. साहेब आमच्याच देखभालीतल्या एका निवासी इमारतीत, दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत होते.

"नाव?" बाईंनी विचारले.

"नाव कशाला? मी पाहुणा आहे. सासऱ्यांकडे आलोय. वरती सगळे थांबलेत."

"बरं. मेकॅनिक निघालाय. वीज गेल्यामुळे रस्त्यात सिग्नल बंद आहेत, वेळ लागेल."

मेकॅनिक बाहेरच्या कंत्राटदाराचा होता, नवा. त्याने आमच्या साहेबांना कधी पाहिलेले नव्हते. साहेबांचे नशीब तेवढे तरी बरे.

मला हसू येत होते, हे कबूल करायला हरकत नाही. जो माणूस आम्हाला दर महिन्याला मोकळे व्हा, मोकळे व्हा म्हणून सांगत होता, तो एका पेटीत नाक दाबल्यासारखा आवाज काढून उभा होता. मी बाईंना खूण केली: विचारा, डोंगरात हवा कशी आहे? बाईंनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा ताळेबंदात डोके घातले.

पंधरा-वीस मिनिटे गेली. साहेबांचा श्वास स्पीकरमधून मोठ्याने ऐकू येऊ लागला. मग ते अचानक म्हणाले, आणि आता आवाज जाड करायचे त्यांच्या लक्षात राहिले नव्हते, "कोणी थांबलेलं नाही वरती."

बाईंनी डबा बाजूला सारला.

"मला बोलावलंच नव्हतं. ती मुलांना घेऊन मार्चमध्येच इथे आली. मी रोज येतो. दार उघडत नाहीत. आज लिफ्टनं पण..."

"हवा येते," बाई म्हणाल्या. "तेराचा पाढा म्हणा."

"काय?"

"तेराचा. म्हणा."

साहेबांनी सुरू केला. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, असे करत तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत गाडी आली आणि तेरा सातेला थांबली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सातेला थांबली. बाईंनी तिसऱ्यांदा सांगितले, "एक्क्याण्णव." मग पलीकडे दाराचा आवाज झाला आणि मेकॅनिक ओरडला, "साहेब, मागे सरका!" दार चार बोटे उघडले, पण पुढे सरकेना. आतून पाणी मागितले गेले. मेकॅनिकने खालच्या दुकानातून बाटली आणून फटीतून आत दिली. अजून दहा मिनिटांनी माणूस बाहेर आला, पाकीट गाडीत आहे म्हणाला आणि जिन्याने खाली उतरून निघून गेला. संध्याकाळी मेकॅनिक आमच्याकडे येऊन बाटलीचे वीस रुपये मागू लागला. बाईंनी पर्समधून दिले.

"आता क्षण मिळाला की तुम्हाला," मी म्हटले.

"लिफ्टमधलं बोलणं बाहेर काढायचं नसतं," बाई म्हणाल्या. "पण मी रात्रभर विचार करणार आहे बरं का, अकाउंट्स. वहिनीनं टेबल ऑर्डर केलंय."

तर ३१ मे. मीटिंग रूममध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या. मधे केक. बाई कॉर्डलेस फोन मांडीवर घेऊन दाराजवळ बसल्या.

सुरुवात रिसेप्शनवरच्या मुलीने केली. तिच्या कुंडीत पहिले फूल आले. फुलाचे चौदा फोटो तिने पडद्यावर दाखवले; चौदाही एकाच बाजूने काढलेले. टाळ्या. मग विक्रीतला टारगेट उठला. तो दहा किलोमीटर पळाला होता आणि गळ्यात पदक घालून आला होता. हे पदक प्रवेश फी भरणाऱ्या प्रत्येकाला मिळते, आणि ती फी त्याने प्रवासखर्चात दाखवली होती, ती मी कापली होती. तो माझ्याकडे न बघता बोलला, "शेवटच्या किलोमीटरला मला कळलं की मर्यादा फक्त मनात असतात." टाळ्या. मग स्टोअरचे नटबोल्ट. त्यांच्या मुलाला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले. "एका मार्कानं नव्वद हुकले," ते म्हणाले. एका मार्काने अठ्ठ्याऐंशीचे नव्वद कसे होतात हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते, पण सभा कल्याणाची होती. मी माझ्या पाळीला सांगितले की ताळेबंद जुळला. दोन-तीन टाळ्या पडल्या, त्याही उशिरा.

मग ठळक साहेब उभे राहिले. पडद्यावर डोंगर आला, धुके आले, आणि धुक्यात साहेब, बायको, दोन मुले.

"पहाटे साडेपाच," साहेब डोळे मिटून म्हणाले. "सगळे झोपलेले. मी एकटा कड्यापाशी उभा. आणि बेसिकली, त्या क्षणी मी स्वतःला भेटलो."

"वा!" टारगेट म्हणाला.

फोटोतल्या साहेबांच्या नाकावर जुना चष्मा होता. फेब्रुवारीत त्यांनी नवा केला, त्याचे वैद्यकीय बिल माझ्याच हातून गेले होते. स्वतःला भेटायला माणूस जुना चष्मा घालून जात असेल.

"आणि आता," साहेब डोळे उघडून म्हणाले, "कंट्रोलबाई. या वेळी तरी 'काही नाही' नको हं." सगळे हसले. साहेबांच्या हातात मूल्यमापनाचा कागद होता, तो त्यांनी मुद्दाम गुडघ्यावर ठेवला.

बाई उठल्या नाहीत. बसूनच म्हणाल्या, "चौदा तारखेला वीज गेली होती. एक माणूस अडकला. पाऊण तास."

"हा कामातला झाला," रिसेप्शनवाली म्हणाली. "स्वतःचा सांगा ना."

"माझाच आहे. बावीस वर्षांत पहिल्यांदा एका माणसानं मी विचारायच्या आधी नंबर सांगितला."

नटबोल्टनी मांडीवर थाप मारली. "अरे, म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी! बाहेरच्याला कुठला नंबर माहीत?"

खोलीत एकदम जीव आला. फुलाला, पदकाला आणि डोंगराला मिळून जेवढे लक्ष मिळाले नव्हते तेवढे आता बाईंना मिळाले. "कोण रे? टारगेट, तूच ना?" "मी कसा? मी तर पळत होतो!" "पाऊण तास पळालास का लिफ्टमध्ये?" साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. ग्लास रिकामा होता. तरी ते प्यायले.

"पुढे काय झालं?" नटबोल्ट पुढे सरसावले.

"काय व्हायचं? घाबरला होता. पाढा म्हणायला लावला. तेरा सातेला अडकत होता."

"नाव काय सांगितलं?"

"पाहुणा."

"अहो, पण आवाज? तुम्ही तर जांभई दिली तरी माणूस ओळखता. ओळखीचा होता की नाही?"

साहेबांचा चेहरा त्या वेळी मी नीट पाहिला. दीड वर्षात तो मला पहिल्यांदाच प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाचा वाटला. बाईंनीही पाहिला असावा. त्यांनी फोन एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला.

"नाही," बाई म्हणाल्या. "नव्हता ओळखीचा."

त्या खोलीत थापा न मारणारी तेवढी एक बाई होती. ठळक क्षणांनी तिलाही कामाला लावले.

"सुंदर," साहेब म्हणाले. आवाज फुटला म्हणून खाकरून पुन्हा म्हणाले, "सुंदर. हाच. टाळ्या." टाळ्या पडत असतानाच बाईंच्या मांडीवरचा फोन वाजला आणि "हवा येते, घाबरू नका," म्हणत त्या दाराबाहेर गेल्या. केक त्यांच्याशिवाय कापला.

साहेबांनी करारावर त्याच संध्याकाळी सही केली. सहभागाला वीसपैकी वीस. करार पुन्हा अकरा महिन्यांचाच. धास्तावलेला माणूससुद्धा बारा लिहीत नाही. वहिनीचे टेबल आले ते सध्या दाराशी उभे आहे आणि मुले त्यावर दप्तरे टाकतात. बाईंनी फोटो काढू दिला नाही, म्हणून भिंतीवरच्या चौकटीत लिफ्टच्या बटणांचा फोटो लावला आहे. जूनची सभा कामाच्या गर्दीमुळे झाली नाही. जुलैची कोणी विचारली नाही. सोनेरी फलक स्टोअरमध्ये, नटबोल्टच्या खोक्यांवर धूळ बसू नये म्हणून पसरला आहे.

साहेब एकदा बाईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते. "बाई, ते चौदा तारखेचं..."

"फोन येईल साहेब, लाइन मोकळी हवी," बाई म्हणाल्या, आणि साहेब गेले. ते हल्ली जिन्याने येतात. प्रकृतीसाठी, असे म्हणतात. सासरच्या इमारतीचे दार उघडले की नाही, हे मला माहीत नाही.

पाण्याच्या बाटलीचे व्हाउचर बाईंनी माझ्याकडे पाठवले होते. त्यात इमारत आणि ग्राहकाचे नाव हे दोन रकाने कोरे होते, म्हणून मी ते नियमाप्रमाणे परत केले.

"नाव लिहू का?" बाईंनी फटीतून विचारले.

"तुमची मर्जी."

त्यांनी साहेबांच्या केबिनकडे पाहिले आणि कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला. मी माझ्या खिशातून पैसे काढले, तर म्हणाल्या, "तुम्ही अडकला होतात का?"

साहेबांकडून कंट्रोलबाईंना वीस रुपये येणे आहेत.